नेपाळ : वीज नसताना संगणकाचा तास

भारनियमन : नेपाळची वीज मुख्यतः जलविद्युत. बहुतेक प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात, साठा फारसा नाही. त्यामुळे हिवाळ्यात पाणी आटलं की वीजही आटते. ऑगस्ट 2008 मध्ये कोसी नदीचा बांध फुटला आणि भारतातून येणारी वीजवाहिनीही कोसळली. पुढच्या हिवाळ्यात दिवसाचे 16 तासांपर्यंत वीज नसे. काठमांडूतील घरांची भारनियमनातून सुटका 2016 च्या अखेरीस झाली.

नांगी, जिल्हा म्याग्दी : शिक्षक महावीर पुन यांच्या डोंगरी गावात ना वीज होती, ना फोन. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांनी वापरलेले 4 संगणक पाठवले. जवळच्या ओढ्यावर छोटी जनित्रं बसवून ते सुरू झाले. पुढे पुन यांनी जुने सुटे भाग लाकडी खोक्यांत जोडून आणखी संगणक तयार केले. 2007 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यूपीएस, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर :
• यूपीएस : वीज जाताच संगणक चालू ठेवतो, काम सेव्ह करण्यापुरती काही मिनिटं.
• इन्व्हर्टर : मोठ्या बॅटरीवर काही तास.
• स्टॅबिलायझर : फक्त विजेचा दाब आवरतो. वीज साठवत नाही.

बॅटरीचं गणित : 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तास म्हणजे 1,200 वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून 40 वॅटचे 10 लॅपटॉप त्यावर सुमारे सव्वा तास चालतात. जुना काचेच्या पडद्याचा डेस्कटॉप एकटाच 150 वॅटच्या आसपास घेतो.