सोन्याआधीचं डॉसन

सकाळी आठ. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं डॉसन हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. मातीचे रस्ते, कडेला फळ्यांच्या पायवाटा. युकॉन नदीवरची फेरी पहिल्या गाड्या फुकटात पलीकडून आणते आहे.

नऊ. नदीकाठच्या डानोजा झो सांस्कृतिक केंद्राचं कुलूप निघतं. मार्गदर्शक मुलगी ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजाची. इमारतीची रचनाही मासे वाळवायच्या मांडवांची आठवण देणारी.

दहा. पहिला गट येतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो : सोनं कुठे सापडलं? ती सांगते, १८९६ साली, इथल्याच एका ओढ्यात. मग मुठीत मावेल असा दगड दाखवते. सामन मासे अडवायला क्लोंडाइक नदीत खुंट रोवत, ते अशा दगडांनी ठोकून. सोनं सापडायच्या कितीतरी आधीपासून.

साडेअकरा. सगळे बांधावर येतात. क्लोंडाइकचं स्वच्छ पाणी युकॉनच्या गढूळ पाण्याला मिळतं, तिथे समोर ट्रोचेक, तिच्या पूर्वजांचा मासेमारीचा तळ. खाणवाल्यांची झुंबड उडाली आणि १८९७ मध्ये चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन पाच किलोमीटर खाली, मूसहाइडला गेले. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि ती अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. एखादा पुढारी जमिनीसाठी भांडतो, गाण्यांची सोय लावणारा विरळा. तिकडच्यांनी ती जपली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आली. माझ्या लेखी क्लोंडाइकची मोठी गोष्ट हीच.

दोन. केंद्रात धुरावलेल्या मूसच्या कातड्याचा उग्र वास, त्यावर मणी ओवणारी सुई. कातडं जाड, म्हणून दर टाक्याला बोट दुखतं.

चार. सामनचा विषय निघतो आणि तिचा आवाज बदलतो. किंग सामन इतके घटले की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने त्यांची मासेमारी सात वर्षं थांबवली. सात वर्षं म्हणजे माशाची एक पिढी. पण मासे कापायला शिकायच्या वयातल्या मुलांचीही तीच सात वर्षं आहेत.

सहा. केंद्र बंद. ते उघडलं १९९८ साली, समाजाचा जमिनीचा करारही त्याच वर्षीचा. २०२३ पासून ट्रॉन्डेक-क्लोंडाइक जागतिक वारसा आहे.

आठ. उजेड अजून लख्ख. दर दोन वर्षांनी मूसहाइडला मेळावा भरतो, त्याची तालीम सुरू आहे. एक पोर ओळ चुकते. आजी डफ थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.