मोठा ‘बी’, छोटा ‘बी’

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाइलला बहुधा ‘जेपीजी’ हे शेपूट असते आणि त्यातली तिन्ही अक्षरे कॅपिटल असतात. तो फोटो संकेतस्थळावर लावताना पान लिहिणाऱ्याच्या हातून मात्र सवयीने स्मॉल ‘जेपीजी’ टाइप होते. विंडोजवर पान उघडले की फोटो दिसतो, मॅकवरही दिसतो. तेच फोल्डर जसेच्या तसे लिनक्सच्या सर्व्हरवर चढवले की फोटोच्या जागी रिकामी चौकट येते आणि सर्व्हर ४०४ कळवतो, म्हणजे अशी फाइलच नाही. फाइल तर फोल्डरात समोर दिसत असते. साहजिकच पहिला राग सर्व्हरवर निघतो. माझ्या मते तो चुकीच्या जागी निघतो. चूक पान लिहिले त्या क्षणीच झाली होती. घरच्या संगणकाने ती झाकून ठेवली आणि सर्व्हरने उघडी केली. संगणकाने नावांच्या बाबतीत काटेकोर असावे आणि तो काटेकोरपणा पहिल्या दिवसापासून असावा, असे मला वाटते.

आपण ‘ए’ हे एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहितो, असे शाळेत शिकलो. संगणकाच्या लेखी ती दोन अक्षरे आहेत. कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५, स्मॉल ‘ए’चा ९७. हे क्रमांक ठरवणाऱ्या आस्की संकेतांच्या १९६३च्या पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरे नव्हतीच. ती १९६७मध्ये आली. त्यानंतर बेल लॅब्जमध्ये घडलेल्या युनिक्सने सरळ मार्ग धरला: नाव जसे दिले तसे साठवायचे आणि शोधताना तंतोतंत जुळवायचे. लिनक्सने तोच वारसा पुढे चालवला. १९८१च्या डॉसची रीत वेगळी होती. काहीही टाइप करा, नाव कॅपिटलमध्येच साठवले जाई. आठ अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे शेपूट. कॅमेऱ्यांची कॅपिटल शेपटे त्याच वळणाची आहेत. पुढे विंडोज लिहिलेले रूप जपू लागली, पण शोधताना लहानमोठा भेद मानायचा नाही ही जुनी सवय तिने सोडली नाही.

या काटेकोरपणावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, फाइलींची नावे माणसांसाठी असतात. एका फोल्डरात मोठ्या ‘बी’चे ‘बिल’ आणि छोट्या ‘बी’चे ‘बिल’ अशा दोन फाइली असल्या, तर कारकुनाने कोणती उघडायची? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच शोधण्याच्या खिडकीने सैल असावे, दोन्ही फाइली समोर ठेवाव्यात. पण फाइली साठवणाऱ्या यंत्रणेवर हे काम टाकले की तिला जगातल्या लिप्यांचा न्यायनिवाडा करावा लागतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत कोणत्या अक्षराचे कॅपिटल कोणते याचे कोष्टकच प्रत्येक डिस्कवर लिहिलेले असते. तुर्की भाषेत टिंबवाल्या ‘आय’चे कॅपिटलही टिंबवाले असते आणि बिनटिंबाचा ‘आय’ हे वेगळेच अक्षर आहे. इंग्रजीसाठी बरोबर असलेले कोष्टक तिथे चुकते. देवनागरीत कॅपिटल नाही म्हणून आपण सुटलो, असेही नाही. ‘तऱ्हा’ शब्दातला ‘ऱ’ एका स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येतो, ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही साधता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे नियम पहिली दोन रूपे समान मानतात, तिसरे मानत नाहीत. ‘दिसते तेच नाव’ हा निकष इथे अपुरा पडतो.

मग सर्व्हरलाच सैल करावे, असे काही जण सुचवतात. अपाची सर्व्हरसाठी तसे जोडयंत्र आहेही. ते पत्त्यातली कॅपिटल-स्मॉलची चूक ओळखून वाचकाला खऱ्या फाइलकडे पाठवते. पण ते बाहेरून आलेल्या पत्त्यापुरते आहे. आतला कोड एकमेकांना हाका मारतो तिथे त्याचा उपयोग नाही. पीएचपी क्लासच्या नावात लहानमोठा भेद करत नाही. मात्र तो क्लास ज्या फाइलमध्ये आहे, ती शोधण्याचे काम फाइल यंत्रणेकडे जाते. त्यामुळे विंडोजवर महिनोन् महिने चाललेला प्रोग्राम लिनक्सवर पहिल्याच मिनिटाला ‘क्लास सापडत नाही’ म्हणून थांबतो. मायएसक्यूएलमधल्या टेबलांच्या नावांचीही हीच गत: विंडोजवर भेद नाही, लिनक्सवर मुळातच आहे.

सैलपणा निव्वळ गैरसोयीचा असता तर एवढे बोलायचे कारण नव्हते. डिसेंबर २०१४मध्ये गिटमधली, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली, एक गंभीर त्रुटी उघड झाली. गिट आपल्या सेटिंग्ज ‘डॉट गिट’ नावाच्या फोल्डरात ठेवते आणि बाहेरून आलेल्या कोडमध्ये त्या नावाचे काही असले तर नाकारते. पण तेच नाव कॅपिटलमध्ये लिहिले की तपासणीतून सुटे, आणि विंडोज व मॅकवर ते थेट खऱ्या फोल्डरात जाऊन पडे. परक्याने पाठवलेल्या कोडला त्यातून तुमच्या संगणकावर हुकूम चालवता येत होता. तपासणाऱ्याला जी नावे वेगळी वाटली, ती साठवणाऱ्याला एकच वाटली.

सगळी नावे स्मॉलमध्येच लिहायचा नियम केला की पुरे, हा तिसरा आक्षेप. नियम उत्तम आहे, पण तो माणसाने लक्षात ठेवायचा आहे आणि कॅमेरा तो पाळत नाही. शिवाय चूक लक्षात आल्यावर विंडोजवर फाइलचे नुसते पहिले अक्षर लहान केले, तर गिटला बहुधा बदल झाल्याचेच कळत नाही. नाव गिटच्याच आज्ञेने बदलावे लागते, नाहीतर सर्व्हरवर जुनेच नाव जात राहते. उपाय हाताशी आहेत. २०१८पासून विंडोज १०मध्ये एखाद्या फोल्डरपुरता भेद चालू करता येतो. मॅकवर भेद मानणारा वेगळा विभाग आखता येतो. कोड जमा होताच तो लिनक्सवर एकदा चालवून पाहण्याची व्यवस्था छोट्या चमूलाही परवडते. मग मोठ्या ‘बी’ची चूक, ती करणारा अजून त्याच पानावर काम करत असतानाच सापडते.