प्लायवूड कापताना कड का फाटते? चांगली बाजू वर ठेवायची की खाली?

घरून काम करायला टेबल हवं होतं, म्हणून मी स्वतःच बनवायला घेतलं. 18 मिमी प्लाय, वर सागाचा व्हिनियर, हातात नवी कोरी जिगसॉ. पेन्सिलची रेघ दिसावी म्हणून चांगली बाजू वर ठेवली आणि कापलं. कड बघतो तर उंदराने कुरतडल्यासारखी! ढलप्या उडाल्या त्याही नेमक्या दिसणाऱ्या बाजूच्या. महागडा तुकडा वाया.

मी ब्लेडला शिव्या घातल्या. (आम्ही कोड चालला नाही की आधी कंपायलरवर संशय घेतो, तसंच.) शेजारी काम करणारे सुतारकाका हसले. म्हणाले, "दात कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं का?"

सगळी गंमत इथेच आहे. प्लाय म्हणजे आडवे-उभे चिकटवलेले लाकडाचे पातळ थर. वरचा व्हिनियर तर बहुतेक वेळा एक मिलिमीटरहूनही पातळ. दात आत शिरतो तेव्हा त्याला मागून बाकी थरांचा आधार असतो. पण दात जिथून बाहेर पडतो तिथे मागे काहीच नसतं, मग तो थर कापला न जाता उचकटतो. लाकडाच्या रेषांना आडवं कापलं तर जास्तच.

जिगसॉचं साधं ब्लेड आणि हातात धरायची सर्क्युलर सॉ, दोन्ही खालून वर कापतात. म्हणून चांगली बाजू खाली. टेबल सॉ आणि ढकलताना कापणारी हातकरवत यांचं उलट, तिथे चांगली बाजू वर.

दोन्ही बाजू दिसणार असतील तर? स्टीलची पट्टी लावून धारदार कटरने रेघेवर दोन-तीनदा चीर द्या, म्हणजे व्हिनियर आधीच कापला जातो. मग त्या चिरेला अगदी लागून, टाकाऊ भागाच्या बाजूने कापा. खाली जुन्या प्लायचा तुकडा क्लॅम्पने घट्ट आवळा. माझ्या मते हे दोनच उपाय खरे. मास्किंग टेपचाही थोडा फायदा होतो, पण ती घाईत ओढली तर तीच व्हिनियर उचलते.

ब्लेड बारीक दातांचं घ्या, जिगसॉचं ऑर्बिटल सेटिंग शून्यावर ठेवा आणि मशीन रेटू नका. कापून सुटणाऱ्या तुकड्यालाही आधार द्या, नाहीतर शेवटचा इंचभर भाग वजनाने फाटतो. आणि हो, गॉगल घालाच.

दुसरा तुकडा असाच कापला, कड साफ आली. पहिला आता राउटरखालची फळी झालाय, फाटकी कड भिंतीकडे करून.