पुसायचं नाही, झाकायचं

छत्रपती संभाजीनगरातला औरंगपुरा म्हटलं की सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था, पुस्तकांची दुकानं आणि गुलमंडीच्या दिशेने सरकणारी गर्दी डोळ्यांसमोर येते. अशा जुन्या बाजारपेठेत पत्रिका, फ्लेक्स, अल्बमची कामं करणाऱ्याकडे एक मागणी हमखास येते : ‘मागचं सगळं काढा, एवढा माणूस कट करून द्या.’ गिऱ्हाइकाला हे कात्रीचं काम वाटतं. चांगला डिझायनर मात्र काहीच कापत नाही. तो मास्क तयार करतो.

मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचं एक कृष्णधवल चित्र. ते जिथे पांढरं, तिथे फोटो दिसतो. काळं, तिथे दडतो. करडं, तिथे विरळ होतो. नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. लग्नातल्या अंतरपाटासारखंच हे : नवरी पलीकडे उभीच असते, फक्त दिसत नाही. खोडरबर फिरवून फाइल सेव्ह केली की पिक्सेल गेले ते गेले. मास्कवर काळा ब्रश चुकून कानावरून फिरला, तर पांढरा ब्रश फिरवला की कान परत जागेवर.

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. ऑफसेट छपाईच्या तयारीत ‘रुबिलिथ’ नावाची लाल फिल्म ब्लेडने कापून नको तो भाग झाकत. छपाईच्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे, म्हणून लाल भाग तिच्या लेखी काळाच. कारागिराला मात्र त्यातून खालचं चित्र दिसे. फोटोशॉपमध्ये क्यू दाबल्यावर क्विक मास्कचा जो लालसर पडदा येतो, तो याच फिल्मचा वारसा. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, आले आणि प्रत्येक लेयरला स्वतःचा मास्क जोडता येऊ लागला.

कसब लागतं ते कडेला. खांदा, फेटा, गाडीची टाकी अशा ठाम वळणांना पेन टूल लागतं : मोजके बिंदू, लांब वळणं. पण फोटोतली कडा कधीच सुरीसारखी नसते. पिक्सेल-दोन पिक्सेलांत ती मागच्या रंगात मिसळते. म्हणून मास्कची कडा मऊ करणारं हलकं फेदर द्यावं लागतं. ते जास्त झालं की माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसतो. केसांसाठी जाणकार आधी चॅनल तपासतात. लाल, हिरवा, निळा यांपैकी ज्यात केस आणि पार्श्वभूमी यांतला फरक सर्वाधिक, त्याची प्रत काढायची, लेव्हल्सने काळं-पांढरं ताणायचं आणि तोच मास्क करायचा. तरीही मांडवातल्या हिरव्या पडद्याची झाक बटांवर उरते. ती वेगळी काढावी लागते.

मराठी लग्नाचा फोटो ही या कामाची खरी परीक्षा. मुंडावळ्यांच्या मोत्यांमधल्या फटी, नथीच्या आतली पोकळी, गजऱ्यातल्या सुट्या कळ्या, हवेत उडालेल्या अक्षता. पांढऱ्या कनातीपुढे पांढरी अक्षत असेल, तर रंगावरून निवडणारं टूल हतबल होतं. तिथे चित्र मोठं करून दाणा दाणा हाताने रंगवावा लागतो.

२०१८पासून फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आहे. एका क्लिकवर माणूस निवडला जातो. त्याने तासांचं काम मिनिटांवर आलं, हे मोठंच सुख आहे. पण ते टूल अंदाज बांधतं. चष्म्याची बारीक दांडी किंवा आजोबांच्या टोपीचं टोक त्याच्या अंदाजातून सुटू शकतं, आणि घरच्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो अनेकदा एखाद्या समूहचित्रातच सापडतो. त्यातून चेहरा वेगळा करून फ्रेम करायची असते. अशा वेळी प्रिंटसोबत लेयर असलेली पीएसडी फाइलही मागून घ्यावी. जेपीजीत लेयर आणि मास्क राहत नाहीत, पीएसडीत राहतात. उद्या नातवंडांना आजोबांच्या शेजारी कोण उभं होतं हे पाहावंसं वाटलं, तर मास्क बंद केला की पुरे.