शब्दाला जागणारे ठक

आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याला कुंपणाच्या आडोशाला बसून जोडा शिवणारा लेप्रेकॉन सापडतो. हा इवलासा चांभार पुरलेल्या सोन्याचा धनी असतो आणि त्याच्यावरची नजर ढळली की तो गेलाच, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक. शेतकरी नजर ढळू देत नाही. दमदाटी करून तो सोन्याची जागा वदवून घेतो : पिवळ्या फुलांच्या रानटी झुडपांनी भरलेल्या शेतात अमुक एका झुडपाखाली. जवळ कुदळ नसते, म्हणून तो आपल्या पायमोज्याचा तांबडा बंद त्या झुडपाला बांधतो आणि ‘हा बंद काढायचा नाही’ अशी शपथ लेप्रेकॉनला घालतो. लेप्रेकॉन आढेवेढे न घेता शपथ घेतो. शेतकरी कुदळ घेऊन धावत परततो, तेव्हा त्याचा बंद जागच्या जागी असतो. फक्त चाळीस एकरांतल्या एकूण एक झुडपाला हुबेहूब तसाच तांबडा बंद बांधलेला असतो. क्रॉफ्टन क्रोकरने दक्षिण आयर्लंडमधल्या लोककथांचा जो संग्रह १८२५ पासून प्रसिद्ध केला, त्यातली ही गोष्ट. तिच्यात लेप्रेकॉनने शपथ अक्षरशः पाळली आहे. चुकला तो शेतकरी, त्याला शपथ नीट घालता आली नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाने ही खोडकर मंडळी जगभरच्या टेबलांवर आणून बसवली, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. चार-पाच जण जमतात, प्रत्येक जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतो, एक जण ‘डंजन मास्टर’ म्हणून बाकीचं सारं जग चालवतो आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासा टाकला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून हा खेळ बाजारात आणला. पहिली आवृत्ती तीन पातळ पुस्तिकांची, प्रती हजार. पिक्सी तेव्हापासून त्यात आहेत. पण या मंडळींचं खरं मर्म खेळाच्या कर्त्यांना बऱ्याच उशिरा हाती लागलं, असं मला वाटतं. सुरुवातीला त्यांनी यांना किरकोळ शत्रू मानलं. नियम आणि वचन यांच्या फटीत राहणारा हा जीव आहे, हे हळूहळू उमगत गेलं आणि जसजसं उमगलं तसतसा हा भाग रंगत गेला.

१९७७ चं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ उघडून पाहावं. लेप्रेकॉन, ब्राउनी, निक्सी, सॅटर, पिक्सी, स्प्राइट सगळे ओळीने हजर आहेत, पण प्रत्येकाच्या माथ्यावर तोच तक्ता : चिलखताचा आकडा, जिवाचा आकडा, वाराचा आकडा, बिळात सापडणारा ऐवज. युद्धखेळांच्या पोटी जन्मलेल्या खेळाला जगाकडे पाहायला हीच खिडकी होती. लेप्रेकॉन इथे मौल्यवान वस्तू हिसकावून पळतो, म्हणजे खिसेकापूच. त्याला मद्याचा शौक आहे आणि त्या जोरावर त्याला बनवता येतं, एवढी एक मौज नोंदीत शिल्लक आहे. शपथेचा धागा मात्र तक्त्यात मावलेला नाही. ब्राउनीचंही तेच झालं. स्कॉटिश आणि उत्तर इंग्लिश लोककथांतला ब्राउनी रात्री घरकाम उरकतो, वाडगाभर सायीवर खूश राहतो, पण त्याला नवे कपडे द्यावेत तर कायमचा निघून जातो. कपडे दिले की हिशेब पुरा, करार संपला, असं त्या वागण्याचं एक वाचन करता येतं. तलवारीच्या वारात मोजता येईल असं त्यात काहीच नाही.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने या सगळ्यांना ‘फे’ नावाचा स्वतंत्र वर्ग दिला. २००३ च्या सुधारणेने त्यांतल्या अनेकांना साध्या पोलादाचा पुरेसा घाव बसेनासा केला; त्यासाठी ‘कोल्ड आयर्न’चं शस्त्र हवं, म्हणजे लोखंडाने पऱ्या दूर राहतात ही जुनी समजूत नियमात उतरली. २००८ मध्ये ‘फेवाइल्ड’ हे त्यांचं स्वतःचं जग आलं. आणि २०२१ च्या ‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ या साहसकथेत वर्तुळ पूर्ण झालं. प्रिझमिअर नावाच्या परीराज्यात घडणारी ही कथा एकदाही शस्त्र न उपसता शेवटपर्यंत खेळता येते. त्या राज्याचे शिष्टाचार तीन : पाहुणचार, मालकी आणि परतफेड. कोणी भेट दिली की तेवढ्याच मोलाचं काहीतरी परत देणं तुमच्यावर बंधनकारक होतं. कथेची सुरुवात दर आठ वर्षांनी येणाऱ्या एका जादुई जत्रेपासून होते. लहानपणी तिकीट न काढता तिच्यात घुसलेल्या पात्रांची एकेक गोष्ट तिथे चोरीला गेलेली असते. कुणाची दिशांची जाण, कुणाचं हसू. फुकट्या पोरांकडून केलेली ही वसुलीच म्हणायची, फक्त दर कुणी आधी सांगितला नव्हता.

यावर खेळाचे जाणकार लगेच म्हणतील की नियमांचं कौतुक कसलं, पुस्तकांत यांतले कितीतरी ‘केऑटिक’, म्हणजे स्वैर वृत्तीचे म्हणून नोंदले आहेत. आक्षेप खोटा नाही. सॅटर तसा आहे. आपल्या अंगातून कधी निसरडं तर कधी चिकट तेल पाझरवून वाटसरूंची फजिती करणारा बॉगलही तसाच. पण स्वैर वृत्ती आणि नियमहीन जग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्विकलिंग पाहा. एका फेरीत एकशे वीस फूट धावणारा, आपण सारे ज्याला गोठल्यासारखे दिसतो असा हा दुष्ट बुटका. यांचे पूर्वज आळशी होते. ‘क्वीन ऑफ एअर अँड डार्कनेस’च्या बोलावण्याला ते उशिरा पोचले आणि तिने त्यांना वेगाचा शाप दिला, त्यासोबत आयुष्यही आखूड केलं. स्वभाव मनमानी, पण दरबाराच्या एका नियमाची चूक साऱ्या जातीला भोवली. इंग्लंडच्या डेव्हन भागातली पिक्सी वाटसरूला रात्रभर एकाच माळावर फिरवते (मराठीत याला ‘चकवा लागला’ हा तयार शब्दप्रयोग आहे, भाषांतरकाराचं काम सोपं), तरी अंगरखा उलटा करून घातला की तिचा प्रभाव उतरतो. उतारा ठरलेला आहे, म्हणजे कुठेतरी कायदा आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो खेळणाऱ्यांचा आहे. ठकवणारी पात्रं म्हणजे डंजन मास्टरच्या हाती दिलेला फसवणुकीचा परवाना, असं त्यांचं म्हणणं. एकदा-दोनदा हात पोळले की खेळाडू कुणाशीच बोलत नाहीत, प्रत्येक म्हातारी चेटकीण समजतात आणि खेळाचं मातेरं होतं. असं घडतं, यात शंका नाही. पण तिथे बिघडतं ते डंजन मास्टर खोटं बोलतो म्हणून. क्रोकरच्या गोष्टीतली मजा अशी की शपथेचे शब्द शेतकऱ्याने स्वतः निवडले होते, आणि ऐकणाऱ्याला मागे जाऊन ती फट दाखवता येते. टेबलावरही हेच माप लावावं. समजा, फाटकावर उभी असलेली परी अदबीने विचारते, “आपलं नाव मिळेल का?” खेळाडू सहज सांगून मोकळा होतो, आणि त्या क्षणापासून त्याचं नाव त्याचं राहत नाही, सोबत्यांना ते आठवत नाही, त्यालाही उच्चारता येत नाही. परीने मागितलं, त्याने दिलं. खेळाडू कपाळावर हात मारतो, पण अन्याय झाला असं त्याला म्हणता येत नाही, आणि पुढच्या फाटकावर तो म्हणतो, “मला अमुक म्हणतात.” तेवढ्याने तो खेळात एक पायरी वर चढलेला असतो. याउलट परीने काहीच न विचारता नाव पळवलं असतं, तर तो नुसता दरोडा ठरला असता.

या सगळ्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांकडेही एक भक्कम दाखला आहे. १८९५ च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळलं. खरी ब्रिजेट पऱ्यांनी नेली आणि घरात तिच्या रूपातली बदली बाई आहे, असं तो सांगत राहिला. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. ज्या समजुतीने असा बळी घेतला तिच्यावर फासे टाकून खेळायचं? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र मायकेल क्लिअरीच्या घरात दुसऱ्या कुणाला ‘हे आपण मानायचं की नाही’ असं विचारण्याची सोय नव्हती. टेबलाभोवती सगळेच जण ‘आता एवढा वेळ परी खरी’ असं आपसांत ठरवून बसलेले असतात, आणि ते केव्हाही उठू शकतात.

राहता राहिले ते आकडे, आणि त्यांनाही या मंडळींनी शेवटी आपल्यात ओढलं. २०१४ च्या आवृत्तीतल्या पिक्सीचा जीव किती? एक. मांजराने पंजा मारला तरी खेळ खलास. पण तिला दिवसातून एकदा कुणाचंही रूप पालटून टाकता येतं. त्याच आवृत्तीत वनचरांना आवाहन करण्याचा एक मंत्र होता, ज्यात अशा कमजोर दर्जाचे आठ फे येतात. सातव्या पातळीच्या खेळाडूंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली : आठ पिक्सी, आठ रूपपालट, म्हणजे अख्खी टोळी एकशे सत्तावन्न जिवाच्या महाकाय वानरांची. पुस्तकातलं एकही अक्षर मोडलं नव्हतं. कोणते फे यायचे ते डंजन मास्टर ठरवेल, असा खुलासा प्रकाशकांना करावा लागला. २०२४ च्या आवृत्तीत तो मंत्र मुळापासून बदलला. आता तो म्हटला की म्हणणाऱ्याभोवती निसर्गशक्ती घोंघावतात आणि जवळच्या शत्रूंना इजा करतात. पिक्सी एकही येत नाही. मंत्राचं नाव मात्र अजून वनचरांचं आवाहन हेच आहे.