लिलावातली पडीक गाडी : धुळीखाली नेमकं काय असतं?

६ फेब्रुवारी २०१५ ला पॅरिसमध्ये आर्टक्युरिअल या लिलावसंस्थेने ५९ जुन्या गाड्या विकायला काढल्या. रॉजे बायों नावाच्या फ्रेंच वाहतूकदाराने त्या १९५० च्या दशकापासून संग्रहालय काढायच्या हौसेने जमवल्या होत्या. पुढे धंदा बसला, १९७० च्या दशकात बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेक पश्चिम फ्रान्समधल्या त्याच्या आवारात पत्र्याच्या छपरांखाली गंजत राहिल्या. लिलावात त्या धुळीसकट मांडल्या गेल्या. त्यांतली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जवळपास १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. फोटो जगभर फिरले आणि पडीक गाडी म्हणजे गाडलेला हंडा, ही समजूत आणखी घट्ट झाली.

त्या फोटोंकडे नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. ती फेरारी उघड्यावर नव्हती. बंद गॅरेजमध्ये, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली होती आणि जवळजवळ पूर्ण होती. आखूड व्हीलबेसच्या त्या प्रकारच्या गाड्या मुळात साठच्याही आतच बनल्या. किंमत आली ती या दुर्मीळपणाला आणि पूर्णपणाला. त्याच आवारात छपराखाली असूनही पत्रा चाळणीसारखा झालेल्या गाड्या होत्या, त्यांच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत. जुन्या गाडीचा नाद लागलेल्यांनी ही दुसरी रांग आधी पाहावी असं मला मनापासून वाटतं, कारण सामान्य माणसाच्या आवाक्यातली गाडी बहुतेक वेळा त्या रांगेतच उभी असते.

“पडीक आहे, म्हणजे स्वस्तात मिळाली”

लिलावात हातोडा पडतो ती रक्कम म्हणजे खर्चाची पहिली ओळ. मोठ्या लिलावसंस्था बोलीवर बायर्स प्रीमियम लावतात. तो साधारण दहा ते पंधरा टक्के किंवा त्याहून जास्तही असतो, वर कर. गाडी चालत नसल्यामुळे ट्रकवर चढवून आणावी लागते. ठरलेल्या मुदतीत उचलली नाही तर जागेचं भाडं सुरू होतं. आणि माल विकला जातो तो ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर. कॅटलॉगमधला मजकूर हे वर्णन असतं, हमी नव्हे. पाहणीसाठी दिलेला दिवस वाया घालवून केवळ फोटोंवर बोली लावणाऱ्याला नंतर दाद मागायला फारशी जागा उरत नाही.

खरा हिशेब याच्यापुढे आहे. साध्या, भरपूर संख्येने बनलेल्या गाडीचं काम नीट करून घेतलं, तर ते बहुतेक वेळा तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा महाग पडतं. हे भारतात खरं आहे आणि इंग्लंड-अमेरिकेत तर मजुरीमुळे अधिकच खरं आहे. नफा हवा असेल तर दुसऱ्याने मन लावून केलेली गाडी विकत घ्यावी, तो खर्च त्याने सोसलेला असतो. पडीक गाडी घ्यावी ती काम करण्याच्या आनंदासाठी, आणि एक गाडी भंगारात जाण्यापासून वाचवल्याच्या समाधानासाठी. ही कारणं मला पुरेशी वाटतात. फक्त त्यांना गुंतवणूक म्हणू नये.

“मीटर पाहा, गाडी चाललेलीच नाही!”

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स या छोट्या गावात लॅम्ब्रेक्ट नावाचं शेव्हरोले गाड्यांचं दुकान होतं. न विकल्या गेलेल्या नव्या गाड्या मालकाने वर्षानुवर्षं ठेवून दिल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झाला. त्यांतल्या काही गाड्या दहा मैलसुद्धा चालल्या नव्हत्या. १९५८ ची एक कॅमिओ पिकअप, मीटरवर जेमतेम १.३ मैल, १ लाख ४० हजार डॉलरला गेली. पण ती दुकानाच्या आत होती. तितक्याच ‘नव्या’ कितीतरी गाड्या बाहेर शेतात झाडांमध्ये उभ्या होत्या आणि त्यांचा पत्रा, रबर, गाद्या काळाने खाऊन टाकल्या होत्या.

उभी गाडीही झिजते, फक्त वेगळ्या जागी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर होऊन तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. सील वाळतात, टायरच्या कडेला भेगा पडतात, उंदीर वायरिंगचं कापडी आवरण कुरतडतात. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत हे सगळं लवकर होतं, देशावरच्या कोरड्या हवेत सावकाश. म्हणून गाडी किती चालली यापेक्षा ती कुठे आणि कशावर उभी होती, हा प्रश्न मोलाचा. फरशीवर की मातीवर? मातीवरून वर चढणारा ओलावा खालचा पत्रा आधी खातो, वरचा रंग चकचकीत असला तरी.

“इंजिन फिरलं की अर्धं काम झालं”

जुन्या गाडीविषयी मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात महागात पडणारंही.

इंजिन हा गाडीचा सर्वांत समजण्यासारखा भाग आहे. सिलिंडर बोअर करता येतो, क्रँक ग्राइंड करता येतो, बेअरिंग नवी घालता येतात. लेथवर बसणारा चांगला कारागीर असेल तर खर्चाचा अंदाजही आधी सांगता येतो. जाम झालेलं इंजिन हीसुद्धा घाबरण्याची गोष्ट नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने, हळूहळू फिरवायचं. दोरी बांधून ओढून सुरू करायचा मोह मात्र टाळावा. गंजलेल्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात आणि वाचण्यासारखं इंजिन वाया जातं.

पैसा आणि वर्षं खातो तो पत्रा. इथे गाडीची रचना कळायला हवी. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर यांना वेगळा सांगाडा नसतो, बॉडी हाच सांगाडा असतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि खालचा तळ गंजला, तर गाडीचा कणाच मोडलेला असतो. नुसती पट्टी वेल्ड केली की दारं लागत नाहीत, कारण गाडी मधोमध किंचित वाकलेली असते. म्हणून पाहणीच्या दिवशी चारही दारं उघडून-लावून पाहावीत आणि दार व बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघावं. जीपसारख्या गाडीला वेगळी चॅसिस असते, तिथे बॉडी सुटी करून काम करता येतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुष्कळ गाड्यांमध्ये पत्र्याखाली लाकडी चौकट असते. ती कुजली किंवा वाळवीने खाल्ली, तर बाहेरून देखणी दिसणारी बॉडी आतून निराधार असते, आणि ते काम सुताराचं आहे, मेकॅनिकचं नाही.

खिशात एक साधं लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. (काही महागड्या गाड्यांची बॉडी मुळातच ॲल्युमिनियमची असते, तेवढं आधी माहीत करून घ्यावं.) दाराच्या मुठी, बोधचिन्हं, दिव्यांच्या कडा या बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यावर फोड आले असतील तर धातू आतूनच फुटत चाललेला असतो, नुसतं क्रोम चढवून तो बरा होत नाही.

पेट्रोलबद्दलची भीती मात्र चुकीच्या जागी आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, म्हणून जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट लगेच खराब होतील असं आजही सांगितलं जातं. हलक्या हाताने, अधूनमधून चालवल्या जाणाऱ्या गाडीत हे फार सावकाश होतं. हेड उघडलंच तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात, एवढंच. खरी काळजी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची करावी. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बिघडवतं, शिवाय पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

“पार्ट मिळत नाहीत” आणि “पार्ट काय, कुठेही मिळतील”

दोन्ही अर्धी खरी. विलिस जीप, फोर्डची मॉडेल ए, एमजीच्या जुन्या टू-सीटर यांचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो. पद्मिनीचे यांत्रिक भाग अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात शोधले तर सापडतात. याउलट स्टँडर्ड हेरल्ड घ्या. तिचं मूळ रूप असलेली ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये भरपूर खपली, त्यामुळे तिचं इंजिन, ब्रेक, पुढचा भाग यांचं सामान तिकडून येतं. पण चार दारांची हेरल्ड फक्त भारतात, मद्रासला बनली. तिची मागची दारं जगात दुसरीकडे कुठे मिळणार? ती गाडी घेताना आधी मागची दारं तपासावीत.

म्हणून माझं मत पक्कं आहे : दोन पडीक गाड्यांपैकी एकीचं इंजिन चालू आहे पण काचा, घड्याळं, पट्ट्या, हबकॅप गायब आहेत, आणि दुसरी जाम आहे पण पूर्ण आहे, तर दुसरी घ्यावी. कुणीतरी सुटी करून खोक्यांत भरलेली, अर्धवट सोडलेली गाडी तर सगळ्यात जपून. कोणता बोल्ट कुठला, हे माहीत असलेला माणूस बहुतेक वेळा निघून गेलेला असतो.

“नव्यासारखी केली की किंमत वाढते”

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात सर्वोत्तम गाडीचा मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स या गाडीला मिळाला. जुना, उडालेला रंग आणि वापराच्या खुणा तशाच ठेवून जतन केलेल्या गाडीला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्याआधी २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माज्जोरे सरोवराच्या तळातून, सुमारे ५३ मीटर खोलीवरून, १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया वर काढली गेली. पुढच्याच वर्षी लिलावात ती २ लाख ६० हजार ५०० युरोंना विकली गेली, आणि घेणाऱ्या संग्राहकाने ती दुरुस्त न करता सरोवराने केली तशीच मांडून ठेवली.

या दोन टोकाच्या गाड्या आहेत, पण त्यांच्यामागचा विचार साध्या गाडीलाही लागू होतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, ट्युरिनची सनद म्हणून तो मांडला आहे : आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि संपूर्ण नवं रूप हा शेवटचा पर्याय. कारण गाडी हा पुरावाही असतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. तिथे उभी राहिलेली गाडी अमेरिकेतल्या छापील माहितीपत्रकाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. डॅशबोर्डवर मुंबईच्या एखाद्या जुन्या विक्रेत्याची पितळी पट्टी असेल, गादीचं कापड इथल्या कुशनवाल्याने बसवलेलं असेल. उत्साहाच्या भरात ‘चुकीचं’ म्हणून ते उपटून टाकलं, तर या शहराच्या इतिहासातली एक नोंद पुसली जाते आणि ती परत मिळवायचा कोणताही मार्ग नसतो.

म्हणून गाडी घरी आणल्यावर पहिली अवजारं हवीत कॅमेरा आणि वही. पाना नंतर. प्रत्येक वायरचा रंग, प्रत्येक क्लिप, सीटखाली सापडलेली पावतीसुद्धा नोंदवून ठेवावी. एक दार जुन्या रंगातच ठेवून द्यावं आणि उरलेल्या गाडीसाठी रंगाची छटा त्यावरून जुळवावी, म्हणजे मूळ पुरावा शिल्लक राहतो.

“कागदपत्रं काय, नंतर बघू”

ही शेवटची समजूत सर्वांत धोकादायक. गंजलेला पत्रा बदलता येतो, हरवलेली मालकी सिद्ध करणं त्याहून कितीतरी अवघड.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहनं यात येतात. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, पुनर्नोंदणी ५ हजारांत होते आणि ती १० वर्षं टिकते. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

यातली महत्त्वाची अट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. आपल्याकडे एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं सर्रास बसवली गेली. अशी गाडी लिलावात स्वस्त दिसली, तर मूळ इंजिन सोबत मिळतंय का, हे बोलीआधी विचारावं.

चॅसिस नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी, कार्बोरेटर क्लीनर आणि चिंधी घेऊन, घासून ताडून पाहावा. आरसीवर आजोबांचं नाव आणि विकणारा नातू असेल, तर वारसाच्या नावावर गाडी चढवण्याचा फॉर्म ३१ आधी व्हायला हवा, मग विक्रीचे २९ आणि ३०. सरकारी खात्याने केलेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म ३२ असतो आणि ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो लिलावाच्या आदेशासह आरटीओकडे द्यावा लागतो. ताबा घेताना हा आदेश आणि विक्री कायम झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत गाडी ट्रकवर चढवू नये.