घरात आहे, पण कामावर आहे

आसनगाव स्थानकावर भल्या पहाटे कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्यांत पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेली शहापूर परिसरातील तरुण मुले-मुली हमखास दिसतात. ठाण्याला उतरून कोणी घोडबंदर रस्त्याकडे वळते, तर कोणी ऐरोलीकडे. मुरबाडला तर रेल्वेही नाही. आधी एसटीने कल्याण गाठायचे आणि मग लोकल पकडायची. जाण्यायेण्यातच दिवसाचे चार तास सहज सरतात.

मार्च 2020 मधील टाळेबंदीने ही धावपळ एकाएकी थांबवली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीत तेव्हा सुमारे साडेचार लाख कर्मचारी होते. त्यांपैकी बहुतेक घरून काम करू लागले. 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही, असा मनोदयही कंपनीने व्यक्त केला. पुढे मात्र ऑक्टोबर 2023 पासून तिने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इतर अनेक कंपन्यांनीही कमीअधिक प्रमाणात हीच वाट धरली.

या मधल्या काळात गावातील वृद्ध आईवडिलांना लेकरांचा सहवास लाभला. पण त्यासोबत एक गैरसमजही रुजला. मुलगा घरात आहे म्हणजे मोकळा आहे, असे वाटू लागले. वास्तविक तो कामावरच असतो. ग्राहक अमेरिकेत असेल, तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. घर निजते, तेव्हा त्याची बैठक रंगात आलेली असते. वीज गेली किंवा मोबाइलची रेंज तुटली, की त्याच्या जिवाची घालमेल होते. सकाळी दहापर्यंत झोपलेला मुलगा आळशी नसतो. त्याची रात्र तेव्हा सुरू झालेली असते.

या दिनक्रमाची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. म्हणजे ज्याच्या आधारावर आपण विसंबून आहोत, त्या आधारालाही जपावे लागते.

ज्येष्ठांनी काय करावे? रात्रपाळी करून आलेल्याची खोली दिवसा अंधारी व शांत ठेवावी. दळण, बँक, औषधे अशी कामे तो कॉलवर असताना सांगू नयेत. एका वहीत लिहून ठेवावीत आणि दिवसातून एकदाच एकत्र बोलावे. रक्तदाब, मधुमेह यांच्या तपासणीची तारीख त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठरवावी. मध्यरात्रीच्या जड जेवणापेक्षा संध्याकाळी वेळेवर दिलेली भाकरी, वरण, भाजी त्याला अधिक मानवेल.

मुलांनीही एक नेम पाळावा. जेवणाची पंधरा मिनिटे लॅपटॉप मिटवून आईवडिलांसमवेत बसावे. थकवा, चिडचिड, झोप न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर मोकळेपणाने बोलावे.

आणि लेकरू पुन्हा कार्यालयात जाऊ लागले, तर? घर अचानक रिते होते, हे खरे. म्हणून त्याआधीच तयारी हवी. आठवड्याच्या गोळ्या डबीत वेगळ्या लावून ठेवाव्यात. शेजारच्या एका विश्वासू घरी किल्ली ठेवावी. फोनची वेळ ठरलेली असावी. लोकलच्या प्रवासात आवाज तुटतो, म्हणून ती कार्यालयात पोहोचल्यानंतरची असावी. ज्येष्ठांसाठीचा 14567 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत. तोंड वाकडे झाले, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर मुलगा परतण्याची वाट पाहू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. ठाण्याहून आसनगावला येणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ वाटेतच जाईल. आधी 108, मग शेजारी, नंतर मुलाला फोन, हा क्रम घरातील प्रत्येकाला पाठ असावा. तो ठरवताना लेकरालाही सोबत बसवावे. म्हणजे लोकलमध्ये उभे असताना त्याच्याही मनाला थोडा विसावा मिळेल.